आयर्लंडच्या कुळांना जमीन मिळाली, पण पैसे नक्की कोणी भरले?

निशिगंध_वाचते
आयर्लंडबद्दल वाचतेय आणि एका जागी अडकलेय. 1870 च्या आसपास तिथले जेमतेम 3 टक्के शेतकरी स्वतःच्या जमिनीचे मालक, बाकी सगळी कुळं, आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत चित्र पार उलटं. जमीनदारांची जमीन हिसकावली नाही, तेव्हाच्या ब्रिटिश सरकारने पैसे देऊन घेतली म्हणतात. मग ते पैसे शेवटी गेले कोणाच्या खिशातून? आणि ज्या जमिनीसाठी लँड लीगने, म्हणजे कुळांच्या संघटनेने, एवढं रान उठवलं ती विकत घ्यायला कुळं तयार कशी झाली?

बांधावरचा
बहुतेक पैसे कुळांनीच भरले, सरकारने कर्ज दिलं. आधीच्या कायद्यांत मेख अशी होती की 1870 ला किमतीचा एक तृतीयांश आणि 1881 ला एक चतुर्थांश भाग कुळाने रोख आणायचा, आता ज्याचा खंडच थकलाय तो कुठून आणणार? 1885 च्या अ‍ॅशबर्न कायद्याने पूर्ण रक्कम उचल म्हणून दिली, 49 वर्षं, दरसाल 4 टक्के. खरा धडाका 1903 च्या विंडहॅम कायद्याचा. त्यात हप्ता सव्वातीन टक्के, त्यातले पावणेतीन व्याज आणि अर्धा टक्का मुद्दल, साडेअडुसष्ट वर्षं.
हिशोब करून बघा. समजा खंड 10 पौंड होता आणि हप्ता 8 पौंड ठरला, म्हणजे कुळाचे वर्षाला 2 पौंड वाचले. त्या 8 पौंडाच्या हप्त्यावर किंमत बसते सुमारे 246 पौंड. ती जमीनदाराला रोख, वर सरकारी तिजोरीतून 12 टक्के बोनस, म्हणजे अजून साडेएकोणतीस पौंड. कुळाला खंडापेक्षा कमी भरून मालकी मिळतेय, तो नाही कशाला म्हणेल?

रानवारा
जमीनदार का विकायला लागले तेही बघा, ते काही उदार झाले नव्हते. 1881 नंतर खंड कोर्ट आणि लँड कमिशन ठरवायला लागले आणि तो खाली आला, अमेरिकेच्या धान्याने भाव पडले होते, बऱ्याच इस्टेटी आधीच कर्जात. डिसेंबर 1902 मध्ये डब्लिनला जमीनदार आणि कुळांचे प्रतिनिधी समोरासमोर बसले, एकीकडे लॉर्ड डनरेव्हन, दुसरीकडे विल्यम ओब्रायन आणि जॉन रेडमंड, आणि विंडहॅमचा कायदा त्यातूनच आला. पण लँड लीग उभी करणारा मायकेल डॅविट मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिला की ही किंमत फार जास्त आहे. मला तो बरोबर वाटतो. 1879 पासून जी माणसं घरातून बाहेर काढली गेली, तुरुंगात गेली, त्यांनीच खंड घेणाऱ्याला बोनससकट पैसे मिळवून दिले.

बांधावरचा
तत्त्व म्हणून मान्य. पण बोनस नसता तर किती जण विकायला आले असते? तेव्हा सक्ती नव्हतीच. 1909 च्या कायद्यात रोखीऐवजी सरकारी रोखे द्यायला लागले तर विक्री लगेच मंदावली.

सायली_पाटावर
सगळे कुळांबद्दल बोलताय, पण पश्चिमेकडे मेयो, गॉलवेमध्ये ज्याच्याकडे चार एकर खडकाळ जमीन आहे त्याला ती मालकीची झाली म्हणून पोट भरणार का? त्यासाठी 1891 ला कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड, म्हणजे अशा गरीब दाटीच्या भागांसाठीचं सरकारी मंडळ निघालं, इस्टेटी विकत घ्यायच्या, तुकडे जोडायचे, मोठ्या चराऊ जमिनी फोडून छोट्यांना द्यायच्या. 1899 मध्ये त्यांनी डिलन इस्टेट घेतली, 90 हजार एकरांच्या वर. तरी गुरं चारणारे बडे शेतकरी जागचे हलत नव्हते, म्हणून 1906 नंतर लोक रात्री त्यांची गुरं हाकलून द्यायचे. आणि शेतमजुरांना तर या खरेदीत काहीच मिळालं नाही, त्यांच्यासाठी वेगळ्या कायद्याने घर आणि जमिनीचा लहानसा तुकडा, बस. ही गोष्ट सांगताना त्यांना नेहमी वगळतात, त्याचा मला खरंच राग येतो.

निशिगंध_वाचते
सायली, हे माहीतच नव्हतं, थँक्स. पण साडेअडुसष्ट वर्षं म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावरही हप्ते चालूच?

रानवारा
हो, आणि ते लंडनला जात होते, वर्षाला साधारण 30 लाख पौंड! 1923 च्या कायद्याने उरलेल्या इस्टेटी सक्तीने घेतल्या, पण जुने हप्ते तसेच. 1932 मध्ये आयर्लंडचा सरकारप्रमुख डी व्हॅलेराने ते ब्रिटनला देणं थांबवलं, ब्रिटनने आयरिश गुरांवर 20 टक्के जकात बसवली आणि ते आर्थिक युद्ध 1938 पर्यंत चाललं. शेतकऱ्याचा हप्ता माफ नाही झाला हां, 1933 ला निम्मा झाला आणि डब्लिनच्या तिजोरीत जायला लागला. शेवटी 1 कोटी पौंड एकरकमी देऊन ब्रिटनशी हिशोब मिटवला.