मदत हवी: कुरणात नुसती कुसळी, चांगलं गवत गेलं कुठे?

मोकळंरान
जरा लवकर सांगा. कुरणात जिकडे बघावं तिकडे कुसळी. शेळ्यांच्या ओठांत कुसळं रुतून बसतात, काल एकीची चिमट्याने काढली. पाऊस तर चांगला झालाय. कोणतं बियाणं टाकू?

गवत्या
किती एकर? जनावरं किती? रान चराईला बंद कधी ठेवता?

भुईमूग
बियाणं राहू द्या, उन्हाळ्यात पेटवून द्या. आम्ही दरवर्षी पेटवतो, पहिल्या पावसाला लुसलुशीत फुटवा.

गवत्या
अहो, कुसळीला आग मानवते! कुसळाला ओल लागली की त्याचा पीळ फिरतो आणि बी गिरमिटासारखं मातीत शिरतं. वर जाळ, खाली बी सुखरूप.

भुईमूग
मग आमचा फुटवा काय खोटा?

गवत्या
फुटवा कशाचा ते नीट बघा. कुसळीसुद्धा कोवळी असताना जनावर आवडीने खातं.

निळीशाई
हत्ती गवत लावा. ठिबकवर वर्षभर कापणी.

मोकळंरान
कापायचं नाहीये हो, चारायचंय. 15 एकर. गाई 11, शेळ्या 30. बंद कधीच नसतं.

आकडेमोड
एक चौरस मीटर गवत कापा, वाळवा, तोला. समजा 150 ग्रॅम भरलं, तर एकरी साधारण 600 किलो, 15 एकरांत 9000. त्यातलं निम्मं मुळांसाठी आणि मातीसाठी सोडायचं. गाईला दिवसाला 10 किलो सुका चारा, शेळीला 1, म्हणजे रोज 140. उरलेले 4500 किलो 32 दिवसांत फस्त. तुम्ही बाराही महिने चारताय!

कळपवाला
निम्मं सोडायचं हे जुनं झालं. झिंबाब्वेचे चराई-अभ्यासक अ‍ॅलन सेव्हरी वाचा. दाटीने चारा आणि झटपट पुढे हलवा.

आकडेमोड
त्यावरून अभ्यासकांतच जुंपलेली आहे. आणि हलवायला कुंपण हवं, पाणी हवं. मोकळंरान, पाणी कुठे आहे?

शेवटचाबाक
अवांतर: 2026 हे संयुक्त राष्ट्रांनी कुरणांचं आणि पशुपालकांचं वर्ष ठरवलंय.

भुईमूग
वर्ष पाळून मारवेलसारखं चांगलं गवत उगवणार असेल तर मीही पाळतो.

मोकळंरान
हौद एकच, फाटकापाशी. पलीकडच्या टोकाला मारवेल गुडघाभर उभा आहे, पण तिकडे एक जनावर फिरकत नाही.

गवत्या
हे आधी नाही का सांगायचं, दादा! गवत गेलेलं नाही, जनावरं हौद सोडत नाहीत. तिथलं चांगलं गवत फुटेल तसं खुडलं जातं, कुसळी निसवून कुसळं आली की तोंड लावत नाहीत, म्हणून तीच उरते. बियाणं आत्ता टाकलंत तर तेही चरतील. पाइप टाकून पलीकडे दुसरा हौद करा. हौदाकडचा भाग यंदा बी पडेपर्यंत बंद. आणि मिठाची चाटण वीट पाण्यापासून लांब, पार त्या टोकाला टांगा.

मोकळंरान
वीट आहे. हौदाच्याच खांबाला बांधलीय.