मदत हवी आहे: .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरच्या नळीला पोर्ट (वायू सुटायची भोकं) पाडावेत का?

अमेरिकेतल्या मंडळींपैकी कुणी हरणाच्या शिकारीच्या रिव्हॉल्व्हरला पोर्टिंग करून घेतलंय का? रुगर सुपर रेडहॉक, साडेसात इंची नळी, फ्रेमवर २-७ पटीची दुर्बीण, २४० ग्रेनची (सुमारे साडेपंधरा ग्रॅमची) गोळी.

फायदा माहीत आहे. नळीच्या तोंडाजवळ, पुढच्या साइटच्या (नेम धरायच्या पात्याच्या) दोन्ही अंगांना तिरपी भोकं पाडली की वायू वर सुटतो, नळी कमी उसळते आणि दुसऱ्या बारासाठी नेम लवकर सापडतो. पण तळहाताला सरळ मागे बसणारा दणका फारसा कमी होत नाही. तो खरा वजनाने आणि रबरी मुठीनेच आवरतो.

अडतंय ते तोट्यांपाशी. धमाका वर आणि बाजूला फाकतो, त्यामुळे मचाणात शेजारी बसलेल्याचे कान धोक्यात. कानात प्लग आणि वर मफ, दोन्ही हवंच. संधिप्रकाशात ज्वाळा डोळ्यांसमोर येते. साध्या ओतीव शिशाच्या गोळ्या असतील तर पोर्टच्या कडा शिसं खरवडतात, तेच कडांना चिकटतं. ब्रशने काढता काढता नाकी नऊ. साइटच्या पात्यावर काजळी बसते ती वेगळीच.

प्रश्न असे: इडीएमने (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरून) पाडलेल्या पोर्टला आतून बर, म्हणजे धातूची खरबरीत कड, राहत नाही, हे ड्रिलच्या कामाशी ताडून कुणी पाहिलंय का? दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर काजळी येते का? आणि पोर्ट बुजवता येत नाहीत, तेव्हा आधी हलका बार भरून पाहणं शहाणपणाचं ठरेल का?