लाकडाच्या स्टोव्हची काच रोज काळी होतेय, दोष लाकडाचा की चिमणीचा? मदत हवी आहे

मंडळी, नवीन घरात लाकडाचा स्टोव्ह आहे, बंद दाराचा, पुढे काच असलेला. सगळं घर त्याच्यावरच गरम करायचं ठरवलंय पण सध्या घरापेक्षा डोकंच जास्त तापतंय. पेटवला की लाकडं सूं सूं करतात, टोकांना फेस येतो, एका संध्याकाळीत काच काळीकुट्ट, आणि लाकूड टाकायला दार उघडलं की धूर थेट खोलीत. लाकूडवाला म्हणतो माल पूर्ण वाळलेलाय, टोकाच्या भेगा दाखवतो. ओलावा मोजायचं मीटर आणलं, ओंडक्याला बाहेरून टोचलं तर १७-१८ टक्के, म्हणजे तो खरं बोलतोय असंच म्हणायचं ना? घरच्यांचं मत स्टोव्ह भंगारात काढा. मला चिमणीचा संशय आहे, ती बाहेरच्या भिंतीवरून वर गेलीय.

रात्री हवा बारीक करून झोपतो, निखारे सकाळपर्यंत टिकावेत म्हणून, ते चालतं का? आणि मोठे ओंडके फोडायचे बाकीच आहेत, साध्या कुऱ्हाडीचं पातं रुतून बसतं मग ओंडक्यासकट उचलत बसा.

प्रतिसाद १:
फेस येतोय म्हणजे ओलंच आहे, मीटर काहीही म्हणो. वरचा थर आणि टोकं आधी वाळतात, भेगांवर तर अजिबात जाऊ नका. ओंडका फोडा आणि आतल्या ताज्या बाजूवर मधोमध टोचा, २० च्या खाली हवं. ताज्या तोडीच्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं, एक किलो पाण्याची वाफ करायला सव्वादोन मेगाज्यूल जातात. त्याहून वाईट म्हणजे आग थंड राहते, धूर पुरता जळत नाही आणि वर जाऊन चिमणीत डांबरासारखा चिकटतो.

प्रतिसाद २:
चिमणीचा संशय अगदीच चुकीचा नाही हो. बाहेरची चिमणी लवकर गार पडते, धूर वर खेचायची ओढ कमी होते. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट बंद ठेवून खिडकी बोटभर उघडा, धूर यायचा थांबला तर घराला हवाच पुरत नव्हती. पेटवताना जाड लाकडं खाली, काटक्या वर आणि आग वरून लावा, चिमणी लवकर तापते. पण ते रात्री हवा बारीक करणं आजच बंद करा, प्लीज! धुमसत्या आगीनेच डांबर सगळ्यात जास्त धरतं आणि ते पेटलं की चिमणीत हजार अंशांच्या वर आग जाऊ शकते. चिमणी आधी साफ करून घ्या, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर तोही लावा.

प्रतिसाद ३:
फोडायला जाड, पाचरीसारख्या डोक्याची अडीच-तीन किलोची कुऱ्हाड घ्या, ती कापत नाही, फाकवते. घाव मधोमध नको, कडेला, जिथे भेग आधीच आहे तिथे. ओंडका गुडघ्याएवढ्या ठोकळ्यावर, जुन्या टायरात उभा करा, ढलप्या गोळा करत फिरावं लागत नाही. गाठीचे ओंडके शेवटी, त्यांना घण आणि लोखंडी पाचर, आणि चष्मा घालूनच, पाचरीचा कपचा उडतो.

धागाकर्ता:
फोडून मोजलं, आत ३१!! स्टोव्ह वाचला म्हणायचा. आता या थंडीचं काय करू? एवढा ढीग पडलाय.

प्रतिसाद १:
हा ढीग पुढच्या थंडीसाठी समजा. आत्ताच फोडून टाका, फोडल्याशिवाय आतलं वाळत नाही. जमिनीपासून उचलून, वारा लागेल असं रचा, फक्त वरून झाका, ताडपत्रीत चहूबाजूंनी गुंडाळलंत तर बुरशी धरेल. पाइन असेल तर एका उन्हाळ्यात होऊन जाईल, ओकला दोन वर्षंही लागतात, कुठलं आहे ते विचारून घ्या. यंदापुरतं भट्टीत वाळवलेलं लाकूड किंवा दाबलेल्या भुश्श्याच्या विटा आणा, विटा सुरुवातीला कमीच टाका, फार जोरात तापतात.