कबड्डी: डोक्याला मार, सीटी स्कॅन नॉर्मल. मुलाला कधी खेळवावं?

प्रश्न: १५ वर्षांचा चढाईपटू. पकडीत बचावपटूचा गुडघा कानशिलावर बसला. शुद्ध हरपली नाही, सीटी नॉर्मल, पण डोकं जड आहे. चार दिवसांनी सामना आहे. उतरवावं का?

उत्तर १: अजिबात नको. सीटीत रक्तस्राव किंवा हाड मोडलेलं दिसतं, कन्कशन (मार बसून मेंदूच्या कामात होणारा तात्पुरता बिघाड) दिसत नाही. ते व्हायला शुद्ध हरपावी लागत नाही. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर मेंदूला सूज येऊन जीवावर बेतू शकतं. दुर्मीळ आहे, पण घडतं ते मुख्यतः कोवळ्या वयातच.

पहिले २४ ते ४८ तास आराम, मोबाइल कमी. अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवायचा सल्ला आता जुना झाला. घरातल्या घरात चालू द्या.

उत्तर २: या आरामानंतर आधी चालणं, मग धावणं, मग एकट्याने पदलालित्य. प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास. त्रास वाढला तर एक टप्पा मागे. पकडीचा सराव लक्षणं पूर्ण गेल्यावर, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. त्याआधी शाळा पूर्ववत हवी. ब्रिटनच्या २०२३ च्या हौशी खेळांसाठीच्या सूचनांत २१ दिवसांआधी सामना नाही.

उत्तर ३: वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, बरळणं, जागं करूनही न उठणं: यातलं एकही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा.