निम्म्या खुर्च्यांत निधी संकलनाचा कार्यक्रम कसा करावा?

प्रश्न (चाळीसगाव, नोव्हेंबर २०२१)

आमची संगीत शिकवणारी छोटी नोंदणीकृत संस्था आहे. दरवर्षी जानेवारीत आम्ही नाट्यसंगीताचा कार्यक्रम करतो. देणगी प्रवेशिका आणि स्मरणिकेतील जाहिराती यांतून जे जमते, त्यावर वर्गाचे भाडे, शिक्षकांचे मानधन आणि गरजू मुलांचे शुल्क वर्षभर भागते. करोनामुळे यंदाचा जानेवारी कोरडा गेला. आता २२ ऑक्टोबरपासून नाट्यगृहे उघडली आहेत, पण निम्म्याच आसनांना परवानगी आहे, आणि ध्वनिव्यवस्था, भाडे, साथीदारांचे मानधन यांपैकी काहीही निम्मे होत नाही. ज्या दुकानदारांच्या जाहिराती असत, त्यांची दुकाने कित्येक महिने बंद होती. त्यांच्यापुढे पावती पुस्तक घेऊन जाण्याचा धीर होत नाही. आमच्याच गावात छायाचित्रकार केकी मूस यांनी वर्षानुवर्षे घराबाहेर न पडता कला साधली. आम्हाला मात्र प्रेक्षकालाच घराबाहेर काढावे लागते. कार्यक्रम नाट्यगृहात करावा, इंटरनेटवर करावा, की आणखी एक वर्ष थांबावे?

उत्तर १ (जळगाव)

थांबू नका, मात्र इंटरनेटवर फार भिस्तही ठेवू नका. आम्ही गेल्या वर्षी गायिका एका घरी आणि तबलजी दुसऱ्या घरी बसवून थेट प्रक्षेपण केले. आवाज पोहोचण्यास जो क्षणभर विलंब लागतो, त्यात सम (तालाची पहिली मात्रा) कुठे आहे हेच कुणाला कळेना. पुढच्या खेपेस सर्वांना अंतर राखून एकाच खोलीत बसवले, पाऊण तासाचे ध्वनिचित्रमुद्रण केले आणि ठरलेल्या वेळी दाखवले. पाहणारे बरेच होते, परंतु पैसे आले ते आधीच्या आठ दिवसांत आम्ही ज्यांना स्वतः दूरध्वनी केले त्यांच्याकडून. पडद्यावरचा क्यूआर कोड पाहून आपणहून देणगी देणारे फार थोडे निघाले.

उत्तर २ (धुळे, एका न्यासाचा खजिनदार)

कार्यक्रम कसाही करा, प्रवेशिकेचे पैसे आणि देणगी यांची सरमिसळ करू नका. खुर्चीच्या मोबदल्यात घेतलेली रक्कम म्हणजे देणगी नव्हे. तिच्यावर १९६१च्या आयकर कायद्यातील कलम ८०जीची, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी, पावती फाडणे चुकीचे आहे. प्रवेशिका माणशी ५०० रुपयांपर्यंत ठेवल्यास नाटक आणि संगीताच्या कार्यक्रमाला जीएसटीतून सूट आहे. तुमच्याकडे ८०जीची मान्यता असेल, तर देणगीदाराला सांगा की २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर त्याला करसवलत मिळणार नाही. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणगीदारांचे विवरण १०बीडी या नमुन्यात ३१ मेपर्यंत भरायचे आहे. म्हणून पॅन आणि पत्ता पावती देतानाच घ्या, नंतर मागताना फार संकोच वाटतो. क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा असावा, चिटणीसांच्या नव्हे.

परदेशी गेलेल्या गाववाल्यांची आठवण अशा वेळी हटकून होते. ज्यांचे नागरिकत्व अजून भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या कमाईतून दिलेली रक्कम विदेशी अंशदान ठरत नाही. मात्र ज्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले, त्यांच्याकडून विदेशी अंशदान नियमन कायद्याखालील (एफसीआरए) नोंदणीशिवाय रुपयाही घेऊ नका, मग ते तुमचे सख्खे भाऊ का असेनात.

उत्तर ३ (अमळनेर)

जळगावकरांशी मी अर्धाच सहमत आहे. आपल्याकडचा माणूस ओट्यावर बसून, चहा घेऊन, चार जणांसमक्ष देतो, आणि कापसाचे पैसे हाती आले की मोकळ्या हाताने देतो. त्या दृष्टीने तुमचा जानेवारी योग्यच आहे. मोठे नाट्यगृह सोडून द्या. एखाद्या वाड्याच्या अंगणात तीस-तीस माणसांच्या दोन बैठका करा. रात्री थंडी असते, आणि आताशा ज्येष्ठ मंडळी उशिरा बाहेर पडत नाहीत, तेव्हा पहिली बैठक दुपारी चारला लावा. स्मरणिकेच्या जाहिरातीऐवजी दुकानदाराकडे एकाच मुलाचे वर्षाचे शुल्क मागा; कागद आणि छपाईचा खर्च वाचतो, शिवाय आपले पैसे कुठे गेले हे त्याला नेमके कळते.

एक गोष्ट मात्र सुचवतो. तमाशाचा हंगाम दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा, आणि तो दोनदा बुडाला. वहीगायन, म्हणजे खानदेशातले डफाच्या साथीचे लोकगायन, करणाऱ्यांनाही यात्रा-उत्सवांची निमंत्रणे आली नाहीत. बैठकीच्या प्रारंभी अशा एखाद्या पथकाला अर्धा तास द्यावा आणि त्यांचे मानधन जमलेल्या निधीची वाट न पाहता त्याच दिवशी हातात द्यावे. देणगीदार हे पाहतात.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. विश्वस्तांपुढे हे सारे मांडले. प्रवेशिका छापणे रद्द केले असून एका सभासदाच्या वाड्यात दोन बैठका ठरत आहेत; ध्वनिचित्रमुद्रण फक्त पुण्या-मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांसाठी होईल आणि त्यांना दूरध्वनी करण्याची यादी वाटून घेतली आहे. निर्बंध पुन्हा वाढले तर तारीख पुढे ढकलता यावी, म्हणून ध्वनिव्यवस्थावाल्याकडून तसे लेखी घेत आहोत. डफ वाजवणारे वहीगायनाचे पथक चाळीसगावच्या आसपास कुणाच्या परिचयाचे असल्यास कृपया कळवावे.