ओरेगॉन कोस्ट ट्रिप, जानेवारीचा लाँग वीकेंड: आईला घेऊन मुक्काम कुठे करावा?

प्रेषक: लायब्ररीवाली ताई (गुरुवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, उद्या रात्रीपर्यंत बुकिंग करायचंय. पुढच्या आठवड्यातला शनिवार ते सोमवार, आम्ही चौघं आणि आई-बाबा. आईचे गुडघे तुम्ही गणपतीत पाहिलेच आहेत, पण यावेळी खरा प्रश्न गुडघ्यांचा नाही, गाडी लागण्याचा आहे. ऑगस्टमध्ये हायवे ६ ने टिलामूकला गेलो तर विल्सन नदीच्या काठाकाठाने वळणं संपता संपेनात, दोनदा थांबावं लागलं, आणि घरी आल्यावर ती म्हणाली की आता मला समुद्र नको. मार्चमध्ये ते दोघं परत जाणार, त्याआधी तिला एकदा नीट समुद्र दाखवायचाय, तोही खिडकीत चहा घेऊन बसून, धावपळ न करता. म्हणून एकच गाव हवं, तिथे पोचलो की गाडी कमीत कमी काढायची. सीसाइड, लिंकन सिटी की न्यूपोर्ट? यांचं मत सीसाइड. कॅनन बीच नको. मुलं ६ आणि ११ वर्षांची, पाऊस असला तरी त्यांना कुठेतरी नेता आलं पाहिजे.

प्रेषक: अण्णा (गुरुवार, रात्री ९:४८)

सीसाइड. यात विचार करण्यासारखं काही नाही. बीव्हर्टनहून हायवे २६ ने दीड तास, आणि तिथला प्रॉम म्हणजे समुद्राला लागून दीड मैल सपाट काँक्रीटचा रस्ता, एक पायरी नाही. तुझी आई व्हीलचेअरवर बसूनसुद्धा लाटा बघेल. मुलांना तिथलं छोटं अ‍ॅक्वेरियम आहे, १९३७ पासूनचं, सीलना हाताने मासे टाकता येतात. कोस्टच्या मुक्कामांची यादी मी २०११ पासून सांभाळतोय आणि दर वर्षी सगळ्यांना पाठवतो, ती आधी वाचली असती तर हा प्रश्नच आला नसता. पुन्हा पाठवू का?

प्रेषक: सांस्कृतिक समिती (गुरुवार, रात्री १०:०५)

ताई, तुमच्या ट्रिपला शुभेच्छा, पण शनिवारी आपलं हळदीकुंकू आहे ना? वाणाची जबाबदारी तुमच्याकडे आहे, मिनिट्समध्ये लिहिलंय. हॉल दुपारी २ ते ६ मिळालाय आणि दुसरी तारीख मिळणार नाही. ज्यांना ज्यांना कोस्टला जायचंय त्यांनी कृपया त्यानंतरचा वीकेंड बघावा. दर वर्षी हेच होतं आणि शेवटी तिळगूळ वाटायला आम्ही तिघीच उरतो.

प्रेषक: अण्णा (गुरुवार, रात्री १०:२०)

लाँग वीकेंडला कार्यक्रम ठेवू नका असं मी सप्टेंबरच्या मीटिंगमध्ये म्हटलं होतं. माझ्याही नावाने ते मिनिट्समध्ये असेल.

प्रेषक: कॉर्व्हॅलिसचा दादा (गुरुवार, रात्री ११:१५)

अण्णांचा मान राखून सांगतो, तीन दिवस आजी-आजोबा आणि दोन मुलं असतील तर न्यूपोर्ट. जानेवारीत प्रॉमवर वारा असा असतो की व्हीलचेअर ढकलणाऱ्यालाच दोन्ही पाय रोवून उभं राहावं लागतं, छत्री तर उघडायचीच नाही. पावसात दोन तास मुलं सीसाइडला रमतील, पुढे काय? न्यूपोर्टला ओरेगॉन कोस्ट अ‍ॅक्वेरियम मोठं आहे, सगळं सपाट, व्हीलचेअर आरामात फिरते, फक्त सी ऑटर (समुद्री पाणमांजरं), सील-सी लायन आणि पक्षी बाहेर उघड्यावर आहेत तेवढ्यापुरते रेनकोट घ्या. शेजारीच युनिव्हर्सिटीचं हॅटफील्ड सेंटर आहे, तिथे ऑक्टोपस. बेफ्रंटच्या (बंदराकाठच्या भागातल्या) धक्क्याखाली सी लायन पडलेले असतात, ते दिसायच्या आधी ऐकू येतात, माझ्या आईला सगळ्या ओरेगॉनमध्ये तेच सर्वात आवडले होते. आणि हे सगळं एकमेकांपासून पाच-दहा मिनिटांवर. गाडी लागण्याचं म्हणाल तर आय-५ हायवेने कॉर्व्हॅलिसपर्यंत या, आमच्याकडे चहा घ्या, आणि पुढे हायवे २०.

प्रेषक: नाना (शुक्रवार, सकाळी ६:३०)

हायवे २० ने चुकूनही जाऊ नका!! २०१२ मध्ये माझे वडील आले होते तेव्हा आम्ही तोच रस्ता घेतला. एडीव्हिलच्या आसपास एकामागून एक अशी वळणं, त्यात समोरून लाकडाचे ट्रक, पाऊस, थांबायला जागा नाही. वडिलांना इतका त्रास झाला की न्यूपोर्टला पोचल्यावर ते सरळ झोपले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठले नाहीत. वय ७४. मी त्या दिवशी स्वतःला फार बोल लावला आणि अजूनही तो रस्ता माझ्या मनातून जात नाही. ताई, तुमच्या आईवर तो प्रसंग येऊ नये एवढंच वाटतं. लिंकन सिटीला राहा, हायवे १८ ने जा. मॅकमिनव्हिलपर्यंत सरळ, पुढे व्हॅन ड्यूझरच्या जंगलातली उंच झाडं, छान रस्ता.

प्रेषक: कॉर्व्हॅलिसचा दादा (शुक्रवार, सकाळी ७:५०)

नाना, तुम्ही म्हणता तो रस्ता आता हायवे राहिलेलाच नाही. तो एडीव्हिलचा वळणांचा तुकडा बाजूला टाकून नवीन सरळ रस्ता २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. डोंगर सरकत होता म्हणून ते काम कित्येक वर्षं रखडलं होतं, आम्ही इथले लोक तो कधी होतो याची वाट बघून थकलो होतो. आता जुन्या दहा मैलांच्या वळणांऐवजी साडेपाच मैल रुंद रस्ता आहे, चढाला दुसरी लेन आहे, ट्रकच्या मागे रखडावं लागत नाही. मी महिन्यातून दोनदा जातो.

प्रेषक: नाना (शुक्रवार, सकाळी ८:२५)

नवीन रस्त्याचं ऐकलं होतं. पण कॉर्व्हॅलिस ते न्यूपोर्ट ५० मैलांवर आहे, त्यातले साडेपाच सरळ केले म्हणजे बाकीचे सरळ झाले का? त्याच रस्त्यावरच्या बर्न्ट वुड्सच्या आधी आणि नंतर वळणं आहेतच. आणि बीव्हर्टनहून कॉर्व्हॅलिसला जायचं म्हणजे आधी दक्षिणेला जाऊन मग पश्चिमेला, उगाच लांबचा फेरा.

प्रेषक: कॉर्व्हॅलिसचा दादा (शुक्रवार, सकाळी ९:०२)

वळणं आहेत, नाही म्हणत नाही. पण ती लांब आणि सावकाश आहेत, पोटात ढवळतं ते एकापाठोपाठ उलटसुलट येणाऱ्या आखूड वळणांनी, आणि ती सगळी त्या जुन्या तुकड्यात होती. फेऱ्याचं म्हणाल तर वेळेत दहा-पंधरा मिनिटांचा फरक, दोन्हीकडून अडीच तासच धरा. उलट १८ ने लिंकन सिटीला गेलात आणि मुलांनी अ‍ॅक्वेरियमचा हट्ट धरला (धरणारच), तर किनाऱ्यालगतच्या हायवे १०१ वरून २५ मैल खाली यायचं आणि तितकंच परत जायचं. मध्ये केप फाउलवेदरचा चढ आहे, तिथे खरी वळणं आहेत आणि खाली थेट समुद्र. कॅप्टन कुकने १७७८ च्या मार्चमध्ये तिथली हवा बघून ते नाव दिलं, जानेवारीत गेलं की का दिलं ते कळतं. म्हणजे आईला रोज एक घाट. त्यापेक्षा एकदाच अडीच तास, तेही मध्ये अर्धा तास पाय मोकळे करून.

प्रेषक: माई (शुक्रवार, सकाळी १०:४०)

रस्त्याचं तुम्ही ठरवा, मला गाडी चालवता येत नाही, मी ३१ वर्षं शेजारच्या सीटवर बसून सगळा कोस्ट पाहिलाय. गाडी लागणाऱ्या माणसाला पुढे बसवा, खिडकी दोन बोटं उघडी, निघताना पोट रिकामंही नको आणि भरलेलंही नको, आणि मागे मुलांना व्हिडिओ लावून देऊ नका, त्या आवाजाने जास्त होतं.

न्यूपोर्टचं नाव निघालं म्हणून सांगते, आम्ही १९९७ मध्ये मुलीला घेऊन केईकोला बघायला गेलो होतो. मेक्सिकोहून आणलेला तो ओर्का (किलर व्हेल), १९९८ मध्ये त्याला आइसलँडला नेलं. काचेला नाक लावून तो मुलीकडे बघत होता आणि ती अजिबात घाबरली नाही. त्याच टँकमध्ये आता बोगदा केलाय, डोक्यावरून शार्क जातात. यंदा नातीला घेऊन गेले तेव्हा मी तिथे कितीतरी वेळ उभी होते.

ताई, तुझ्या आईला व्हेल दाखव. ग्रे व्हेल डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत अलास्काकडून मेक्सिकोला जात असतात, तुझ्या वीकेंडला शेवटचे शेवटचे मिळतील. बोटीत अजिबात नको. डेपो बेला १०१ च्या कडेलाच समुद्राची भिंत आहे, गाडी लावून काचेतूनसुद्धा व्हेलचा फवारा दिसतो. जाताना ते किनाऱ्यापासून लांबून जातात म्हणून दुर्बीण ने, आणि सकाळी जा, वारा कमी असतो. पाण्यावर पांढरे तुरे असले तर फवारा ओळखू येत नाही.

प्रेषक: नाना (शुक्रवार, सकाळी ११:१०)

माई, डेपो बे लिंकन सिटीहून १२ मैल आहे. न्यूपोर्टहूनही १३. म्हणजे माझं लिंकन सिटी काही वाईट नाही. आणि मुलांना तिथे काचेचे रंगीत गोळे शोधायला मिळतात, गावातले लोक मुद्दाम सात मैलांच्या बीचवर भरतीच्या रेषेच्या वर ठेवतात, सापडला तो आपला. माझ्या नातवाला दोन वर्षांपूर्वी निळा सापडला, अजून त्याच्या उशाशी असतो.

प्रेषक: नवीन सभासद, हिल्सबोरो (शुक्रवार, दुपारी १२:३०)

नमस्कार, मी लिस्टवर नवीन आहे. न्यूपोर्टला याक्विना हेडला टाइड पूल (ओहोटीत खडकांमध्ये उरणारी डबकी) फार सुंदर आहेत असं वाचलं, स्टारफिश वगैरे. ६ वर्षांच्या मुलाला तेच आवडेल ना? दीपगृहही तिथेच आहे.

प्रेषक: कॉर्व्हॅलिसचा दादा (शुक्रवार, दुपारी १:०५)

दीपगृह जरूर बघा, ९३ फूट, ओरेगॉनमधलं सर्वात उंच, १८७३ पासून उभं आहे, आणि गाडी बरीच जवळ जाते. पण टाइड पूलचा विचार जानेवारीत सोडा. उन्हाळ्यात मोठी ओहोटी सकाळी येते, हिवाळ्यात ती संध्याकाळी नाहीतर रात्री येते, आणि पाच वाजता तर सूर्य मावळतो. म्हणजे दगड उघडे पडतात तेव्हा काळोख. खाली जायला पायऱ्याही बऱ्याच आहेत. हे लोकांना तिथे पोचल्यावर कळतं आणि मुलं हिरमुसतात.

प्रेषक: माई (शुक्रवार, दुपारी १:२०)

आणि जानेवारीत पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं नाही, मुलांचा हात सोडायचा नाही. वीस मिनिटं शांत असतो समुद्र आणि मग एकच लाट पार वरपर्यंत येते. किनाऱ्यावरच्या ओंडक्यांवर मुलांना चढू देऊ नका, वीतभर पाण्यातसुद्धा ते उचलले जातात आणि माणसावर उलटतात. २०२० च्या जानेवारीत फाल्कन कोव्हला दोन लहान मुलं बापाच्या कडेवरून गेली, मला ते अजून बोलवत नाही. नवीन आलेल्यांनी हे मनावर घ्या. आपला कोकणातला समुद्र नाही हा.

प्रेषक: अण्णा (शुक्रवार, दुपारी २:१५)

माईंच्या प्रत्येक शब्दाला माझं अनुमोदन, यादीत हे सर्वात वर टाकतो.

सीसाइडबद्दल एवढंच की अंतर कमी आहे हे कोणी विचारात घेतलं नाही. दीड तास आणि अडीच तास यात गाडी लागणाऱ्या माणसाला फार फरक पडतो. पाऊसच पडला तर अ‍ॅस्टोरिया अर्ध्या तासावर, तिथलं मॅरिटाइम म्युझियम अख्खा दिवस पुरतं. लुईस आणि क्लार्क हे शोधप्रवासी १८०५-०६ चा हिवाळा तिथेच फोर्ट क्लॅटसॉपला राहिले, १०६ दिवसांत फक्त १२ दिवस पाऊस नव्हता, तरी राहिले.

प्रेषक: ट्रेझरर (शुक्रवार, दुपारी ३:००)

अण्णा, २६ वर शिखराजवळ जानेवारीत बर्फ असू शकतो आणि अंधार पडल्यावर एल्क (मोठी हरणं) रस्त्यावर येतात. कुठल्याही रस्त्याने जा, बर्फासाठी चाकांच्या चेन गाडीत ठेवा आणि निघायच्या दिवशी सकाळी ट्रिपचेक या साइटवर रस्त्यांचे कॅमेरे बघा. अंधाराच्या आत पोचा. अजून एक, जिथे राहाल तिथे शेगडी गॅसची आहे का विचारा. मागच्या वादळात आमच्या भाड्याच्या घरातली वीज रात्रभर गेली, सगळं विजेवर, बाळाचं दूध गरम करायला काही नाही, मालकाने फोन उचलला नाही. तेव्हापासून थर्मास आणि बॅटऱ्या घेतल्याशिवाय आम्ही हिवाळ्यात कोस्टला जात नाही. थालीपीठं करून न्या.

प्रेषक: लायब्ररीवाली ताई (शुक्रवार, संध्याकाळी ६:३५)

सगळ्यांचे मनापासून आभार. न्यूपोर्ट ठरवलं. तिथल्या नाय बीचला तळमजल्याची खोली मिळाली, समोर समुद्र, शेगडी गॅसची आहे, विचारून घेतलं. अण्णा, अंतराचं तुमचं म्हणणं खरंय, मी आईलाच विचारलं. ती म्हणाली लांब चालेल पण गरगर नको, आणि मध्ये कोणाच्या घरी चहा मिळणार असेल तर चालेलच. म्हणून दादा, आम्ही शनिवारी सकाळी साडेदहापर्यंत तुमच्याकडे येतोय, आईला साखर अर्धा चमचा. नाना, नवीन रस्ता असूनही मी तुमचं डोक्यात ठेवलंय, बर्न्ट वुड्सला थांबा घेणार, आणि तिला त्रास झाला तर तुम्हालाच पहिला फोन. डेपो बे रविवारी सकाळी, हवा बघून, नाहीतर नाही.

हळदीकुंकवाचं: वाणाची सगळी पाकिटं तयार आहेत, पुस्तकं आणि रुमाल, ६५. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः हॉलवर आणून देते. मी नसेन याचं वाईट वाटतंय, पण आई पुढच्या संक्रांतीला इथे नसेल.

एकच राहिलं. मंडळाची घडीची व्हीलचेअर स्टोरेजमध्ये आहे ना? तीन दिवसांसाठी मिळेल का?

प्रेषक: सांस्कृतिक समिती (शुक्रवार, संध्याकाळी ७:१०)

शुक्रवारी ७ च्या आत आणा, नंतर हॉल बंद होतो. आईंना तिळगूळ द्या आमच्याकडून, पाकीट तुमच्या नावाने बाजूला ठेवते. व्हीलचेअरची किल्ली आमच्याकडे नाही, दिवाळीनंतर अण्णांनी नेली होती.

प्रेषक: अण्णा (शुक्रवार, संध्याकाळी ७:२५)

किल्ली माझ्याकडेच आहे. उजव्या चाकात हवा कमी आहे, मी उद्या भरून ठेवतो. गुरुवारी रात्री ८ नंतर ये.