सल्ला हवा: ७१ वर्षांच्या वडिलांसाठी व्यायाम आणि डोक्याला चालना देणारे खेळ यांची सांगड (मर्यादा पाच हजार रुपये)

गोदाकाठ (धागाकर्ता)
माझे वडील एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झाले. गेल्या वर्षभरात तीच हकिगत अर्ध्या तासात दुसऱ्यांदा सांगणे, दुधाखालचा गॅस बंद करायचा राहून जाणे असे प्रकार वाढल्यामुळे त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवले. स्मृतिभ्रंश म्हणावा अशी अवस्था नसली तरी विस्मरण वयाच्या मानाने जास्त आहे, तेव्हा नियमित व्यायाम आणि बौद्धिक खेळ दोन्ही सुरू करा, असे त्यांनी सांगितले. नेमके काय करायचे हे विचारेपर्यंत पुढचा रुग्ण आत आला होता. वडिलांचा उजवा गुडघा दुखतो आणि मधुमेहासाठी दहा वर्षांपासून मेटफॉर्मिन चालू आहे. कॉलनीच्या कट्ट्यावर कोणीतरी "हे कालच सांगितलंत की" म्हणून हसले, तेव्हापासून त्यांनी तिकडे जाणे सोडले आहे, त्यामुळे घरातच करता येईल असे काही सुचवावे. खर्च पाच हजारांच्या पुढे जाऊ नये.

निवृत्त_अभियंता
ट्रेडमिल घ्या, आणि घ्यायचीच तर चांगली घ्या. मी चार वर्षांपूर्वी बेचाळीस हजारांची घेतली, रोज चाळीस मिनिटे चालतो, आणि माझ्या ७४व्या वर्षी मला सोसायटीतील सर्व सभासदांचे सदनिका क्रमांक तोंडपाठ आहेत. स्वस्तातल्या यंत्राचा पट्टा सहा महिन्यांत सरकतो, असा आमच्या शेजाऱ्यांचा अनुभव आहे.

एडिसनकर
माझी आई येथे न्यू जर्सीत आमच्याकडे असते. तिला मी मेंदूच्या खेळांचे एक ॲप वार्षिक वर्गणी भरून घेऊन दिले आणि तीन महिन्यांत तिचे गुण दुप्पट झाले. वर्गणी डॉलरमध्ये असली तरी आरोग्यापुढे पैशाचा विचार करू नये.

तळटीप
एडिसनकर, गुण वाढले ते त्या खेळातले. किराणा आणायला गेल्यावर आईंना काय आणायचे ते आठवते का, हा खरा प्रश्न आहे. ल्युमॉसिटी हे अशा खेळांतले प्रसिद्ध नाव, पण स्मृतिभ्रंश लांबवण्याचे दावे जाहिरातीत केल्याबद्दल त्या कंपनीला २०१६ साली फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकेतील ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेबरोबर वीस लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली होती. खेळ खेळू नयेत असे माझे म्हणणे नाही, फक्त त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवावी ते वर्गणी भरण्यापूर्वी ठरवावे.

एडिसनकर
मी त्या ॲपचे नाव घेतलेले नाही. आई किराणा आणायला जात नाही, येथे तो घरपोच येतो.

सासूबाईंची_सून
ट्रेडमिल सुचवणाऱ्यांना आमची हकिगत सांगते. "दोन्ही एकत्र" म्हणजे दोन्ही एकाच वेळी, असा आम्ही अर्थ लावला आणि सासूबाई पट्ट्यावर चालता चालता मोबाईलवर शब्द जुळवू लागल्या. पाचव्या दिवशी शब्द जुळला, पाऊल चुकले आणि मनगटाचे हाड मोडले. दीड महिना प्लास्टर होते आणि त्या काळात व्यायामही बंद, खेळही बंद.

निवृत्त_अभियंता
हा दोष यंत्राचा नव्हे. तोल गेल्यास पट्टा थांबवणाऱ्या सुरक्षा-किल्लीची क्लिप कपड्याला लावली होती का?

फिजिओ_सांगली
वरील अनुभव फार महत्त्वाचा आहे. "एकत्र" याचा अर्थ एकापाठोपाठ असाही होतो. विस्मरणाच्या याच सौम्य टप्प्यातील १७५ ज्येष्ठांवर कॅनडात एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. तिच्यात आठवड्यातून तीनदा, वीस आठवडे, आधी अर्धा तास संगणकावरील बौद्धिक सराव आणि त्यानंतर तासभर दम लागेल असा व्यायाम व स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, असा क्रम होता. नुसते तोल सांभाळण्याचे व ताणाचे हलके व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा या लोकांची बौद्धिक चाचणीतील सुधारणा जास्त दिसली; सोबत दिलेल्या ड जीवनसत्त्वाचा मात्र वेगळा फायदा दिसला नाही. त्याआधी फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो या संशोधिकेच्या गटाने १,२६० लोकांवर दोन वर्षे आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष या सर्वांचा मिळून प्रयोग केला होता (२०१५). तिथेही फायदा दिसला, पण तो माफक होता, त्यामुळे चमत्काराची आशा कोणी लावू नये.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी करायच्याच असतील, तर पाय घसरण्याची भीती नाही अशा स्थितीत कराव्यात, म्हणजे खुर्चीत बसून किंवा स्वयंपाकाचा ओटा धरून उभे राहून. मात्र खरेदीआधी दोन तपासण्या कराव्यात असे मी सुचवेन. मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेणाऱ्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्यानेही विसराळूपणा येतो. दुसरी तपासणी कानांची, कारण जे नीट ऐकूच आले नाही ते लक्षात राहणार कसे?

कट्टा_नंबर_एक
सुडोकूच्या नादी लागू नका. मी बारा वर्षे रोज सुडोकू सोडवतो आणि चष्मा मात्र रोज शोधतो. ब्रिज खेळा. जोडीदाराने कोणती पाने टाकली ते लक्षात ठेवावे लागते, आणि विसरल्यास तो तुम्हाला सोडत नाही.

शब्दवेडी
आकड्यांपेक्षा शब्दकोडे केव्हाही सरस. ब्रिजला चार माणसे लागतात आणि काका घराबाहेर पडत नाहीत, हे मूळ प्रश्नात स्पष्ट लिहिले आहे. तो वाचण्याची तसदी येथे कोणी घेतलेली दिसत नाही.

जुनी_शाळा
या पिढीला पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी (साडेतीनचा पाढा) हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असतात. औट सत्ते साडेचोवीस, हे माझे वडील ८३व्या वर्षीही चटकन सांगत. बसल्या जागी पाय हलवत पाढे म्हणवून घ्या, एक रुपयाही लागणार नाही.

तळटीप
पाठ असलेले म्हणणे ही उजळणी झाली. मेंदूला जड जाईल असे काहीतरी त्यात हवे. पाढा उलटा म्हणायला लावल्यास मात्र मी आपला मुद्दा मान्य करेन.

आरोग्यम्
सर्वप्रथम बी-१२ तपासून घ्या. हे अजून कोणीच कसे सुचवले नाही, याचे आश्चर्य वाटते.

गोदाकाठ (धागाकर्ता)
सर्वांचे आभार. बी-१२ खरोखरच कमी निघाले असून इंजेक्शने सुरू झाली आहेत. कानांची तपासणी वडिलांनी "मला सगळं ऐकू येतं" असे, जरा मोठ्यानेच, सांगून पुढे ढकलली आहे.

खरेदीच्या बाबतीत मी कोणाचेच ऐकले नाही, त्याबद्दल क्षमस्व. ट्रेडमिल, ॲप, पत्ते यांपैकी काहीही न घेता टेकून बसण्याची एक जुनी एक्सरसायकल शेचाळीसशेला आणली. सीट थोडी फाटली आहे, पण गुडघ्याला झेपते. पहिले तीन दिवस त्यांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. चौथ्या दिवशी ते पायडल मारत असताना मी सहज नाशिक-पुणे गाडीचे थांबे विचारले. सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण हे त्यांनी एका दमात सांगितले. मग तळटीप यांच्या सूचनेप्रमाणे पुण्याहून उलटे विचारले, शिवाय मंचरला चार चढले, नारायणगावला सहा उतरले, तर आता गाडीत किती, हेही जोडले. नारायणगावानंतर ते अडकले आणि पाय आपोआप थांबले. मी आळेफाटा सुचवणार इतक्यात त्यांनी हात वर करून मला गप्प केले, कानामागे पेन्सिल असल्यासारखी बोटे तिथे नेली, आणि संगमनेर म्हणाले. आळेफाटा राहिला होता. प्रवाशांची संख्या मात्र बरोबर होती.

सध्या रोज वीस मिनिटे चालते. आता त्यांनी धुळे मार्ग मागितला आहे आणि तो मलाच पाठ नाही.

निवृत्त_अभियंता
सायकलने चालण्याचा व्यायाम होत नाही, हे मी नमूद करून ठेवतो. सीट बदलून घ्यावी.

शब्दवेडी
चांदवड, मालेगाव. त्याआधी पिंपळगाव बसवंत.